पाचवा छिलका

१

सात डिसेंबर, रविवार, सकाळचे अकरा वाजून वीस मिनिटं. वेळ मला पक्की ठाऊक आहे, कारण कुकरची तिसरी शिट्टी झाली, मी गॅस बंद करायला उठणार होते आणि तेवढ्यात हातातला वरवंटा फुटला.

आम्ही टिटवाळ्याला राहतो, नव्या बिल्डिंगमध्ये, तिसऱ्या मजल्यावर. माझे मिस्टर सुदेश ठाण्याला कोर्टात शिपाई आहेत. मुली दोन. मोठी उर्वी पाचवीत, धाकटी प्राची साडेचार वर्षांची. मी स्वतः सातवीपर्यंत शिकले, त्यामुळे उर्वीच्या वहीत ‘पालकांच्या मदतीने करा’ असं दिसलं की मी ते वाक्य दोनदा वाचते. ह्या वेळी लिहिलेलं, आदिमानवाची दगडी हत्यारे घरी तयार करा. त्याखाली लाल पेनाने, थर्माकोलची नकोत. त्यातलं एक सोमवारी शाळेत द्यायचं होतं, ते प्रदर्शनाला जाणार होतं.

शनिवारी संध्याकाळी आम्ही तिघी काळू नदीवर जाऊन पिशवीभर दगड आणलेले. रविवारी बाल्कनीत पोतं अंथरलं आणि बसलो. पण नदीचे दगड एक तर भुसभुशीत, नाहीतर असे हट्टी की नुसत्या ठिणग्या. उर्वीने मोबाइलवर व्हिडिओ बघितलेला.

“मम्मी, मारायचा दगड कडक पाहिजे. हातात बसेल असा.”

“तसा कुठून आणू आता?”

तिने पायानेच दाराकडे दाखवलं. वाऱ्याने दार आपटू नये म्हणून तिथे वरवंटा लावून ठेवलेला असायचा. पाटा मोहन्याला सासूबाईंकडेच राहिला. घर बदलताना वरवंटा तेवढा भांड्यांच्या गोणीतून चुकून आमच्याकडे आला. आमचं वाटण मिक्सरमध्ये होतं. त्या वरवंट्याला दोन वर्षांत कुणी दार अडवण्याशिवाय दुसरं काम सांगितलेलं नव्हतं.

मी तो दोन्ही हातांत धरून नदीच्या दगडावर मारला. एक, दोन, तीन, चार. पाचव्याला नदीचा दगड तसाच राहिला आणि वरवंट्याच्या टोकाचा एक तुकडा निघून पोत्यावर पडला.

मला आधी खटकला तो आवाज. दगड फुटला की खट् असा कोरडा आवाज येतो ना, तसा आला नाही. पोटभर दूध प्यालेलं बाळ खांद्यावर ढेकर देतं, तसा ओलसर आवाज आला. आणि उर्वीने दोन्ही हात डोक्यावर ठेवले.

“काय झालं गं?”

“काही नाही. ऊन लागतंय.”

२

तुकडा अंगठ्याएवढा, पातळ. बाहेरून वर्षानुवर्षं हात लागून गुळगुळीत झालेला, आतून काळा. आणि आतून ओला. मी बोटाने पुसला तर बोटाला चिकट लागलं. वास घेतला. घ्यायला नको होता.

“मम्मी, धार बघ ना,” उर्वी म्हणाली. तिने त्या तुकड्याने कांद्याची पात कापून दाखवली. ब्लेडसारखी कापली गेली. “हाच करू या. ह्यालाच मारू या.”

एकदा टोक गेल्यावर वरवंटा सोपा झाला. फुटण्यापेक्षा तो सोलल्यासारखा निघत होता. मी अजून चार तुकडे काढले, सगळे त्याच टोकाचे. पुस्तकात त्याला छिलके म्हणतात. उर्वीने व्हाइटनरने प्रत्येकावर आकडा घातला. नंतर काढलेल्या चारांवर एक ते चार, आणि अगदी टोकाचा, पहिल्यांदा निघालेला, सगळ्यात सुंदर म्हणून शेवटी ठेवलेला, तो पाच. त्याचं नाव तिने वहीत लिहिलं, तासणी. कातडं तासायची.

दुपारी मिस्टरांना दाखवलं. त्यांनी वास घेऊन तोंड वाकडं केलं. “आईने तीस वर्षं खोबरं वाटलंय त्याच्यावर. तेल मुरणारच. तू पण ना, कशालाही घाबरते.”

पटलं. पण जेवायला बसल्यावर परत शंका आली. खोबऱ्याचं तेल जुनं झालं की खवट होतं. हा वास खवट नव्हता. दोन मुलींना अंगावर पाजलंय मी. बाळाने खांद्यावर ओकलेलं दूध ब्लाउजमध्ये वाळतं आणि घाम येऊन परत ओलं होतं, त्याचा वास मला झोपेतही कळेल. हा तोच वास होता. घास तोंडात फिरू लागला. मी तीन वेळा हात धुतलेले, तरी भात चमच्याने खाल्ला.

जेवण झाल्यावर पाचही छिलके नळाखाली धरून तारेच्या घासणीने चांगले घासले. पुसून ठेवले की पुन्हा ओले. पुन्हा घासले. बाहेर उर्वी दोन्ही हातांनी डोकं खाजवत बसलेली.

“उवा आणल्या असशील शाळेतून,” म्हणून मी तिला पुढ्यात घेऊन बारीक फणी फिरवली. एकही ऊ निघाली नाही. टाळूवरची कातडी मात्र लाल झालेली, घासल्यासारखी.

छिलके मी श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यात कापूस घालून, ओळीने मांडून ओट्यावर ठेवले. त्यांच्या बाजूला थोडं दूध सांडलं आणि मी मुद्दाम पुसलं नाही. आमच्याकडे साखरेचा एक दाणा पडला तर स्विचबोर्डातून लाल मुंग्यांची रांग येते. मुंग्या आल्या, दुधापर्यंतही आल्या. पण डब्याच्या चार बोटं अलीकडे रांग वळली, अर्धा गोल करून गेली. त्यांनाही नको होतं ते.

३

सोमवारी सकाळी उर्वीने पाच नंबर कागदात गुंडाळून दप्तरात टाकला. बाकीचे चार डब्यात राहिले. मी पोळ्या लाटत होते.

“उर्वी, पाण्याची बाटली घेतलीस का?”

“ओ.”

आवाज ओट्याखालून आला. माझ्या कोपरापासून हातभर अंतरावरून, आणि तोंडात दूध धरून बोलावं तसा. उर्वी बाहेर दाराशी चपलांच्या रॅकपाशी बसून बुटाची नाडी बांधत होती. मला ती दिसत होती. तिने मान वर केली नव्हती.

“उर्वी.”

“ओ.”

पुन्हा तिथूनच. मी लाटणं ठेवलं. ओट्याखाली प्राची बसलेली, हातात चमचा, पुढ्यात दुधाची वाटी आणि तो डबा. तो तिने कधी खाली घेतला कुणास ठाऊक.

“तू ओ देतेस काय गं ताईची? चेष्टा करते मम्मीची?”

“मी नाही,” ती म्हणाली. “ताई देते.” आणि चमच्याने डब्याकडे दाखवलं. “तिला भूक लागलेली. सगळं प्याली.”

वाटीतलं दूध संपलेलं होतं. मी डबा उघडला. कापूस भिजून पिवळट झालेला. सोमवारी सकाळच्या थंडीत डब्याच्या झाकणाला आतून वाफेचे थेंब. चारही छिलके मी ओळीने मांडलेले, ते एका कोपऱ्यात एकमेकांना चिकटून पडलेले, मांजरीची पिल्लं पडतात तसे. प्राचीने हलवले असतील, दुसरं काय. मी झाकण दाबून बसवलं आणि वर तुपाची बरणी ठेवली.

“उर्वी, चल लवकर,” मी बाहेर येऊन म्हटलं. ती नाडीच बांधत होती.

“अगं ए. बाळा.”

मग तिने वर बघितलं. “मला बोलावलंस?”

दुपारी शाळेच्या ग्रुपवर नाही, माझ्या एकटीच्या फोनवर उत्तरा मॅडमचा मेसेज आला, उर्वी आज का आली नाही? त्या तिच्या वर्गशिक्षिका. मी स्वतः तिला गेटमध्ये सोडून आलेले, आणून घरात बसवलेलं. मी फोन लावला.

“मॅडम, आलेली ना ती.”

“हो का? मग माझीच चूक असेल. म्हणजे कसं झालं, हजेरी घेताना मी तिचं नाव घेतलं आणि उत्तर आलं ते माझ्या टेबलावरून. मुलांची हत्यारं तिथे मांडून ठेवली होती ना. मी बेंचकडे पाहिलं तर ही खाली मान घालून बसलेली. दोनदा नाव घेतलं. मुलं चेष्टा करतात हल्ली, आवाज काढतात. मी चिडून गैरहजर लावलं. उद्या दुरुस्त करते.”

“पाच नंबर टेबलावरच आहे का मॅडम?”

“काय?”

“काही नाही,” मी म्हटलं. मला स्वतःचीच लाज वाटली.

४

मंगळवारी मी ठरवलं की हा घाणीचा प्रकार आहे आणि घाण जाते. बाटलीचं बूच उकळत होते ना मी मुलींच्या लहानपणी, तसंच. जुन्या पातेल्यात पाणी घेऊन चारही छिलके टाकले आणि गॅस मोठा केला. उर्वीला शाळेत पाठवलं नव्हतं. ती बाहेर अभ्यास करत होती.

पाणी तापू लागलं. आधी बुडबुडे, मग पांढरी कड. मग पाण्यावर साय धरली. साधी पाण्यावर. जाड, सुरकुतलेली, बोट लावलं असतं तर उचलली गेली असती अशी. वास सगळ्या घरात भरला. मी पदर नाकाला लावून खिडकी उघडली.

“मम्मी, पंखा लाव ना. खूप गरम होतंय.”

डिसेंबर महिना. सकाळी आम्ही स्वेटर घालतो. बाहेर जाऊन बघते तर उर्वीने स्वेटर काढून फेकलेला, तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. हात लावला तर चटका बसला. मी धावत आत आले आणि गॅस बंद केला. का केला, तेव्हा मला सांगता आलं नसतं. चिमट्याने एकेक छिलका काढून गार पाण्यात ठेवला. पाच मिनिटांनी उर्वी म्हणाली, “आता बरं वाटतंय. स्वेटर दे.”

उरलेला वरवंटा बाल्कनीतच पडलेला होता. मी म्हटलं तो तरी पोत्यासकट खाली नेऊन टाकू. उचलताना माझा अंगठा फुटक्या टोकावर पडला. छिलके निघालेल्या खाचांच्या मधे, अगदी वर, जिथून पाच नंबर निघाला होता.

तिथे दगड नव्हता. म्हणजे दगडच होता, काळा, पण अंगठा थोडा आत गेला. मऊ. कोमट. आणि खालून काहीतरी अंगठ्याला हळूच वर ढकलत होतं, थांबत होतं, परत ढकलत होतं.

दोन मुलींची टाळू भरलीये मी, रोज, तेलाने, वर्षवर्षभर. अंगठ्याला ते माहीत असतं. वरवंटा पोत्यावर टाकला आणि बाल्कनीच्या मोरीत ओकले.

तोंड धूत होते तर फोन वाजला. मोहन्याहून सासूबाई. विमलाबाई त्यांचं नाव, पण मी आईच म्हणते.

“आवाज असा का येतोय तुझा?”

“आई, वरवंटा फुटला.”

“कुठला?”

“तुमचा. उर्वीच्या प्रकल्पाला. मी चार-पाच तुकडे काढले त्याचे.”

त्यांनी फोन तोंडापासून लांब धरला. मग मागे वळून कुणाला तरी म्हणाल्या, “शालन, अगं हिने तो फोडला.” आणि मला म्हणाल्या, “घासू नकोस. तापवू नकोस. टाकू तर अजिबात नकोस. कपड्यात ठेव.”

शालनताई म्हणजे माझी मोठी नणंद, उर्वीची आत्या. तिने फोन हातातून घेतला.

“अक्षदा, बारशाला काय झालेलं आठवतं ना तुला?”

आठवत होतं. आम्ही ते दहा वर्षं हसत सांगत आलोय. मोहन्याच्या चाळीत उर्वीचं बारसं. बारशाला वरवंट्याला तेल लावतात, बाळासारखं कुंचीत गुंडाळतात, बायका पाळण्याच्या खालून-वरून तो एकमेकींना देतात, गोविंद घ्या, गोपाळ घ्या म्हणत. मग त्याला आधी पाळण्यात घालतात, काढतात आणि मग बाळ. सगळीकडे असंच असतं. सासूबाईंनी एकाच जुन्या लुगड्याच्या दोन कुंच्या शिवलेल्या. एक बाळाची, एक वरवंट्याची. उर्वी रडायला लागली म्हणून मी तिला आतल्या खोलीत पाजायला नेलं. बाहेर वीस बायका, गर्दी, कुणाला काही दिसत नाही, आणि शालनताई वाकली आणि पाळण्यात जे होतं त्याच्या कानात नाव सांगून मोकळी झाली. उर्वी, उर्वी, उर्वी. बायकांनी तिच्या पाठीत धपाटे घातले. मग कुणीतरी कुंची बाजूला केली आणि सगळी चाळ हसली.

“मग तू परत सांगितलंस ना?” मी विचारलं. “मी हिला आणून घातली त्याच्यानंतर?”

“तेच आठवून बघतेय मी...” शालनताई अडखळली. “मला धपाटे आठवतात. हसलेलं आठवतं. घुगऱ्या वाटलेल्या आठवतात. दुसऱ्यांदा वाकलेलं आठवत नाही गं.”

५

बुधवारी सकाळी मी शाळेत गेले. मला पाच नंबर परत पाहिजे होता. आई म्हणालेल्या, सगळे तुकडे एकत्र कर.

उत्तरा मॅडमनी कपाटं उघडून दाखवली. “अहो, कालच टेम्पो गेला. आधी कल्याणला मांडणार, तिथून निवडक वस्तू ठाण्याला. आठवड्याने सगळं परत येईल. एवढं काय आहे त्यात?”

“घरातला दगड होता, मॅडम.”

“मुलीचं नाव चिकटवलंय मी त्याला. हरवणार नाही.”

नाव चिकटवलंय ऐकून मी कपाटातला रिकामा कप्पा परत चाचपला. पण त्यांना काय सांगणार.

तीन वाजता मोहन्याहून दोघी आल्या. सासूबाईंच्या पिशवीत ती जुनी कुंची होती, प्लास्टिकमध्ये घडी घातलेली. मी वरवंटा आणि चार छिलके पाटावर ठेवले. सासूबाईंनी नाक मुरडलं नाही, काही नाही. एकेक छिलका आपल्या जागी लावला. डिंक नाही, दोरा नाही, पण प्रत्येक असा बसला की फट दिसेना. फक्त टोकावर अंगठ्याएवढा खड्डा उरला. त्यात ओलं साठत होतं. त्यांनी पदराच्या टोकाने टिपलं, परत साठलं.

“एक नाही हे चालेल काय आई?” शालनताईने विचारलं.

“जेवढं आहे तेवढ्याला तरी नाव सांगू या.”

कुंचीत गुंडाळलं. पाळणा नव्हता. मी आणि सासूबाईंनी चादरीची झोळी करून दोन्हीकडून धरली. वजन मला ठाऊक होतं, दार अडवणारा तोच वरवंटा, दोन किलोचा. झोळीत तो त्यापेक्षा जड होता आणि वजन एका जागी राहत नव्हतं. चादर माझ्या बाजूला ओढली जात होती, मग त्यांच्या बाजूला.

“परत धपाटे खायचे का मी?” शालनताई हसायला बघत होती.

“नीट बघून वाक ह्या वेळी,” सासूबाई म्हणाल्या. “आधी ह्याचं. ह्याला गोविंदा. बारशाला म्हणतातच की गोविंद घ्या. ते त्याचंच होतं.”

शालनताई वाकली आणि मागे झाली. ओढणी नाकाला लावून परत वाकली. सासूबाईंनी एका हाताने तिची ओढणी ओढून काढली. “तोंड झाकून नाव सांगतात काय?”

तिने डोळे मिटून कुंचीशी तोंड नेलं आणि तीनदा सांगितलं. वर आली तेव्हा तिच्या ओठाला, हनुवटीला पांढरट ओलं लागलेलं. ती मोरीपर्यंत पोचलीही नाही. दारातच तिला ओकारी आली. झोळी मात्र शांत झाली. वजन खाली बसलं, दगडाचं बसतं तसं.

मग झोळी खाली ठेवून उर्वीला मधे बसवलं. दहा वर्षांची घोडी, तिला गुदगुल्या होत होत्या. “आत्या, तुझ्या तोंडाला कसला तरी वास येतोय.” शालनताईने तिच्या कानात तीनदा नाव सांगितलं आणि मी आणि सासूबाईंनी मिळून तिच्या पाठीत धपाटे घातले, जरा जोरातच. प्राची मधे घुसली, “माझं पण सांग.” तिचं बारसं लॉकडाऊनमध्ये फोनवर झालेलं. तिलाही सांगितलं.

सासूबाई उभ्या राहिल्या, बाल्कनीत गेल्या आणि बाहेर तोंड करून हाक मारली. “उर्वी.”

“ओ, आज्जी,” उर्वी म्हणाली.

मी दाराला टेकून रडले. त्या दोघी वरवंटा कुंचीसकट मोहन्याला घेऊन गेल्या, पाट्याजवळ ठेवायला. मी ओटा, मोरी, बाल्कनी, सगळं फिनाइलने पुसलं. श्रीखंडाचा डबा फेकला. त्या संध्याकाळी मी हाताने भात खाल्ला.

६

गुरुवारी सकाळी शाळेआधी उर्वीच्या वेण्या घालायला बसले. तेल घेतलं, भांग पाडला आणि अंगठा टाळूवर टेकवला.

आत गेला.

मी अंगठा काढला नाही. काढायची भीती वाटली. दहा वर्षांच्या मुलीच्या डोक्यावर, कवटी कधीच बंद होऊन गेलेली असते तिथे, अंगठ्याएवढी मऊ, कोमट जागा, आणि खालून हळूहळू वर येणारं, थांबणारं. छिलक्याच्या खड्ड्याचा आकार मी आदल्या दिवशी नीट बघितलेला. एका बाजूला गोल, एका बाजूला निमुळता. तोच. माझ्या बोटाला लागलेलं फक्त तेल नव्हतं.

“मम्मी, दुखतंय. दाबू नको ना.”

आणि मला माझ्याच मुलीच्या डोक्याची शिसारी आली. हे लिहायला नको होतं, पण खरं लिहायचं तर सगळं लिहायला हवं. मी फडक्याने हात पुसला आणि मग तिला पोटाशी धरलं.

कल्याणच्या डॉक्टरांनी बोट लावलं आणि पटकन मागे घेतलं. पँटला पुसलं. डोक्याचा एक्स-रे फोटो काढायला सांगितला. काढला. फोटो अजून आमच्या हातात दिलेला नाही, मोठ्या डॉक्टरांना दाखवून सांगतो म्हणाले. मिस्टर म्हणतात, जन्मतःच असेल, आपल्याला आत्ता कळलं. ते रोज रात्री तेच म्हणतात आणि तिच्या डोक्याला हात लावत नाहीत.

पुढच्या आठवड्यात प्रदर्शनाची पेटी ठाण्याहून परत आली. त्यात पाच नंबर नव्हता. नाव लिहिलेली चिठ्ठी होती, नुसतीच, ओली होऊन कुरतडल्यासारखी. मॅडम म्हणाल्या, मुलं एकमेकांत वस्तू बदलतात, कुणाच्या तरी कंपासमध्ये गेला असेल. गेल्या शुक्रवारी अकराच्या सुमाराला उर्वी वर्गात डोकं धरून किंचाळली. कुणीतरी घासतंय, म्हणाली. सोमवारी तिला घरीच ठेवलं, तर तिने मला हाकेला ओ दिली नाही. शाळांची जेवणाची सुट्टी संपल्यावर दिली. काल दिवसभर दिली नाही.

म्हणून हे लिहितेय. कल्याण, डोंबिवली, ठाणे, इथल्या कुणाही आईच्या हातात पडेल ह्या आशेने. आपल्या मुलांचे कंपास, खिसे, दप्तराचे तळ बघा. काळा छिलका, अंगठ्याएवढा, एक बाजू ब्लेडसारखी, दुसऱ्या बाजूवर पांढऱ्या व्हाइटनरने पाच. त्याने काही कापू देऊ नका. त्याची धार कुणी दगडावर लावू नये. त्याच्यासमोर उर्वी म्हणून हाक मारू नका. ओ आलीच, तर दुसऱ्यांदा हाक मारू नका. तिकडे दोनदा आली की इकडे माझी गप्प होते.

स्वच्छ कापडात ठेवा, त्याच्याशी तोंड नेऊन तीनदा गोविंदा म्हणा, आणि टिटवाळ्याच्या कुणालाही विचारा, माझ्यापर्यंत पोचेल. तुमच्याकडे नसेल तर पुढच्या बाईला सांगा, आणि तिला पुढच्या बाईला सांगायला सांगा.

किळस येईल. ओला लागेल, चिकटेल, वास हातावर राहील. मलाही आली होती, मी तारेच्या घासणीने घासला होता. तुम्ही घासू नका. पुसावासा वाटलाच तर मऊ फडक्याने, वरच्या वर, अंगठ्याचं वजन न टाकता.